इडलीत तांदूळ नव्हता, ताटात उंदीर होता: ९०० वर्षांपूर्वीच्या कल्याणीच्या राजाचं स्वयंपाकघर

उमरी : चीनच्या बादशहासमोर एका वेळी किती पदार्थ मांडले जायचे, यावरचे रील्स तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. सोन्याची ताटं, नोकरांची रांग, विष ओळखायला चांदीची पट्टी. पाहायला मजा येते. पण राजाच्या मुदपाकखान्याची अशीच तपशीलवार हकिगत आपल्या अगदी शेजारची आहे. ती कुणा नोकराने किंवा परदेशी पाहुण्याने लिहिलेली नाही, तर खुद्द राजाच्या नावावरच्या ग्रंथात आहे. गंमत म्हणजे, तो ग्रंथ ज्या गावात तयार झाला, तिथे उमरीहून नायगाव, देगलूर, उदगीर, भालकी असं करत जाता येतं.

गाव म्हणजे बसवकल्याण, जुनं नाव कल्याणी. आज कर्नाटकच्या बीदर जिल्ह्यात. राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला सोमेश्वर तिसरा. आणि ग्रंथ 'मानसोल्लास', ज्याचं दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. इडलीचा इतिहास, पुरणपोळीचा इतिहास, श्रीखंडाचा इतिहास असं काहीही शोधायला गेलं की याच ग्रंथाचं नाव पुढे येतं. राजाबद्दल मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी सीमेचा प्रश्न

चालुक्य आमचे की तुमचे, हा वाद कमेंटमध्ये होणारच, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं. दरबारची भाषा कन्नड होती, बहुतेक शिलालेख कन्नडमध्ये आहेत. ग्रंथ संस्कृतमध्ये आहे. आणि त्याच ग्रंथात मराठी ओळीही आहेत, ज्यांची गणना मराठीच्या अगदी जुन्या लिखित नमुन्यांत होते. आजची राज्यांची रेष १९५६ सालची. त्याआधी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते.

लातूरचा दुवा तर थेट आहे. लातूरच्या पापविनाशक मंदिरात सोमेश्वर तिसरा याच्या काळातला शिलालेख मिळाला. त्या वेळी लत्तलूर, म्हणजे लातूर, इथे ५०० विद्वान राहत असल्याचं त्यात नोंदवलं आहे. आपल्या नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातलं होट्टल तुम्ही पाहिलं असेल. तिथलं सिद्धेश्वर मंदिर याच चालुक्य परंपरेतलं. म्हणजे हा राजा आपल्यासाठी परका नाही. आपण राहतो ती जमीन त्याच्या राज्यात होती.

बापाची सावली

सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य सहावा. चालुक्यांचा सगळ्यात गाजलेला राजा. मोठ्या भावाला बाजूला सारून १०७६ मध्ये गादीवर बसला आणि सुमारे ५० वर्षं हलला नाही. गादीवर येताच त्याने शक संवत बाजूला ठेवून स्वतःचा नवा संवत सुरू केला. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता, ज्याने राजाचं काव्यमय चरित्र 'विक्रमांकदेवचरित' लिहिलं. त्याच कल्याणीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून कोर्टात गेलेल्या माणसाला हे नाव वकिलाकडून ऐकायला मिळतं, कारण हिंदू वारसा कायद्याची मिताक्षरा पद्धत तिथूनच आली.

अशा बापाच्या पोटी जन्म घेणं म्हणजे काय ते समजून घ्या. बाप अर्धशतक राज्य करतो, तेव्हा मुलाची तरुणाई युवराज म्हणूनच सरते. ११२६ च्या आसपास सोमेश्वर गादीवर आला, तेव्हा जिंकायचं ते बापाने जिंकून ठेवलं होतं आणि सांभाळणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

त्यानेही 'भूलोकमल्ल' ही पदवी घेतली आणि त्या नावाने स्वतःची वर्षगणना चालू केली. पण त्याची दुसरी पदवी जास्त बोलकी आहे: 'सर्वज्ञ', म्हणजे सगळं जाणणारा. घराण्यातल्या राजांच्या पदव्यांत 'मल्ल' म्हणजे पैलवान हा शब्द सारखा येतो. त्या रांगेत हा सर्वज्ञ वेगळा उठून दिसतो. बापाचं चरित्र गद्यात लिहायलाही त्याने घेतलं होतं. 'विक्रमांकाभ्युदय' नावाचा तो ग्रंथ अपूर्ण राहिला. दुसरा ग्रंथ मात्र पूर्ण झाला आणि तोच टिकला.

राज्य चालवायचं मॅन्युअल

'मानसोल्लास' शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा. रचना एखाद्या नीट बांधलेल्या मॅन्युअलसारखी आहे: ५ भाग, प्रत्येकात २० प्रकरणं, एकूण १००. भागाला नावच 'विंशती'. पहिल्या भागात राज्य मिळवायचं कसं, दुसऱ्यात ते टिकवायचं कसं. इथपर्यंत हा राजनीतीचा नेहमीचा ग्रंथ वाटतो. पण तिसऱ्या भागापासून गाडी वळते. राजाने उपभोग कसा घ्यावा, करमणूक कशी करावी, खेळ कोणते खेळावेत. स्नान, अत्तर, विडा, वस्त्रं, चित्रकला, नाच, गाणं, हत्ती, घोडे, कोंबड्यांच्या झुंजी, मासेमारी.

सगळं राजाने स्वतः लिहिलं की दरबारी पंडितांकडून संकलित करून घेतलं, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. माझं मत विचाराल तर त्याने फार फरक पडत नाही. पंडितांना कामाला लावलं असलं, तरी काय लिहायचं हे ठरवणारा राजा होता, आणि त्याने स्वयंपाकाला किल्ल्यांच्या आणि सैन्याच्या पंगतीत बसवलं. ती निवड त्याची.

स्वयंपाकाचं प्रकरण तिसऱ्या भागात येतं. नाव 'अन्नभोग'. पिण्याच्या पाण्याचं आणि पेयांचं वेगळं प्रकरण आहे, 'पानीयभोग'.

राजा जेवायला बसतो तेव्हा

आसनावर गादी. तोंड पूर्वेला. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत पांढरं स्वच्छ वस्त्र पसरलेलं, म्हणजे आज हॉटेलात मांडीवर नॅपकिन ठेवतात त्याचाच पूर्वज. समोर सोन्याचं ताट आणि भोवती वाट्या. राजा एकटा जेवत नाही. मुलं, नातू, नातलग, जवळचे मांडलिक पंगतीला असतात.

वाढण्याचा क्रम ठरलेला. सुरुवात भात, मुगाचं वरण आणि तुपाने. थांबा, हे ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत आजही पहिला घास वरण-भात-तुपाचाच असतो. त्यानंतर मांसाचे आणि भाज्यांचे प्रकार, गोड पदार्थ जेवणाच्या मध्यावर, मग फळं, पन्हं, शिखरिणी, आणि शेवट दही-ताकाकडे. गोड शेवटी ही सवय नंतरची आहे.

ऋतूप्रमाणे चवही बदलायची. वसंतात तिखट, उन्हाळ्यात गोड आणि थंड, पावसाळ्यात खारट, शरदात गोड, हेमंतात स्निग्ध आणि गरम, शिशिरात गरम आणि आंबट. हे आयुर्वेदातून आलेलं गणित. पण ते स्वयंपाकघरात रोज अमलात आणायचं म्हणजे कोठीपासून सगळं नियोजन बदलावं लागणार.

ताटात पहिला मान भाताला. ग्रंथात तांदळाचे ८ प्रकार सांगितले आहेत: लाल रंगाचा रक्तशाली, वासाचा गंधशाली, कलिंग देशचा कलिंगक, जाड, बारीक, आणि ६० दिवसांत येणारा साठीचा भात. एक लक्षात ठेवा, हे राजाचं ताट आहे, प्रजेचं नाही. ज्या राज्यात सगळीकडचा माल राजधानीत येतो, त्या राज्याचं ताट आहे. काळी मिरी घाटाखालून, हिंग वायव्येकडच्या मुलखातून, सैंधव मीठ उत्तरेतून. चालुक्यांच्या काळात 'अय्यावोळे ५००' नावाचा व्यापाऱ्यांचा मोठा संघ दक्षिणेत सगळीकडे हिंडत होता. एका फोडणीमागे एवढा रस्ता.

इडली आहे, पण आपली इडली नाही

आता व्हायरल भागाकडे येऊ. 'मानसोल्लासात इडलीचा शोध लागला' अशा पोस्ट फिरतात. त्या चूक आहेत, आणि का चूक आहेत ते पाहण्यासारखं आहे.

अन्नभोगात 'इडरिका' नावाचा पदार्थ आहे. उडदाच्या वाटलेल्या डाळीचे लहान गोल, त्यावर मिरपूड, जिरेपूड आणि हिंग. यात तांदूळ नाही. आज उमरी स्टेशनबाहेरच्या गाडीवर मिळते त्या इडलीत उडदापेक्षा तांदूळच जास्त असतो, म्हणजे मूळ पदार्थच बदलला आहे. शिवाय हा पहिला उल्लेखही नाही. कन्नडमधल्या 'वड्डाराधने' या दहाव्या शतकातल्या ग्रंथात 'इड्डलिगे' येते, आणि १०२५ च्या सुमारास चावुंडरायाच्या 'लोकोपकार' ग्रंथात तर कृतीही आहे. सोमेश्वर लिहीत होता तेव्हा हा पदार्थ निदान २०० वर्षं जुना होता.

मग मानसोल्लासाचं महत्त्व काय? तर तो पदार्थ राजाच्या ताटापर्यंत आला आणि तिथे त्याची कृती नोंदवली गेली. डोशाचा पूर्वज 'धोसक' त्याच प्रकरणात आहे. वडे आहेत: उडीद भिजवून, सालं काढून, वाटून, तळून. तेच वडे दुधात भिजवले की 'क्षीरवट', कांजीत भिजवले की कांजीवडा. पाच डाळी एकत्र वाटून केलेला 'विदलपाक' आहे.

गव्हाचे पदार्थ आपल्या जास्त ओळखीचे. 'मंडक' म्हणजे मांडे. गहू धुवायचे, वाळवायचे, दळायचे, चाळायचे. सपीट तूप-मीठ घालून मळायचं, हातावर पातळ पसरवायचं आणि तापलेल्या उलट्या खापरावर टाकायचं. बेळगावकडे किंवा खानदेशात मांडे करताना पाहिलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको, ९०० वर्षांत पद्धत फार बदललेली नाही. 'पोलिका' आहे. निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आहेत, बाट्यांसारखे.

गोडात 'शिखरिणी' आहे, म्हणजे दही फडक्यात बांधून त्याचं पाणी काढायचं आणि चक्क्यात साखर आणि सुगंधी मसाला घालायचा. श्रीखंडच. आणखी एक प्रकार पाहा: तापलेलं दूध आंबट घालून नासवायचं, त्यातला घट्ट भाग तांदळाच्या पिठात मिसळून गोळे करायचे, तुपात तळायचे आणि साखरेच्या पाकात सोडायचे. रसगुल्ला बंगालचा की ओडिशाचा यावर दोन राज्यं भांडली. नासवलेल्या दुधाची पाकातली मिठाई त्याआधी कित्येक शतकं कल्याणीत होत होती.

जे नाही तेही पाहू. हिरवी मिरची नाही, लाल तिखट नाही. टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणे यातलं काहीच नाही. हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या मागोमाग सोळाव्या शतकानंतर आपल्याकडे आलेलं. म्हणजे ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, ते सोमेश्वराला माहीतच नव्हतं. तिखटपणासाठी मिरी आणि आलं, आंबटपणासाठी चिंच, आवळा, दही, ताक.

आता मांसाहार

या भागापाशी बरेच लेख गुपचूप पान उलटतात. इतिहास सांगायचा तर अर्धा सांगून चालत नाही.

अन्नभोगात डुक्कर, हरिण, बोकड, ससा, पक्षी, मासे, कासव, खेकडा आहेत. रानडुकराचे केस जाळून, स्वच्छ करून, भाजून केलेला 'शुंठक' आहे. मांसाचे तुकडे मसाला लावून सळईवर भाजलेला 'भडित्रक' आहे, ज्याला आज आपण कबाब म्हणू. कबाब मोगलांनी आणला असं छातीठोक सांगणाऱ्यांसाठी ही नोंद. आतड्यात सारण भरून भाजलेलं 'मंडलीय' आहे, म्हणजे सॉसेजचाच भाऊ. बोराएवढे तुकडे करून डाळी आणि भाज्यांबरोबर शिजवलेली 'कवचंडी' आहे.

मापं कशी दिली आहेत तेही पाहा. वजन नाही. तुकडा सुपारीएवढा, तुकडा बोराएवढा. इंजिनिअरिंगमध्ये चार वर्षं एककं घोटली, तरी सांगतो, काम करणाऱ्या हाताला हे माप जास्त उपयोगाचं. सुपारी कुठल्याही गावात सुपारीएवढीच असते.

आणि हो, उंदीर. नदीकाठच्या रानातला काळा, चांगला पोसलेला उंदीर, घरातला नव्हे. गरम तेलात टाकून केस काढायचे, गरम पाण्याने धुवायचा, पोट साफ करायचं, आवळा आणि मीठ घालून शिजवायचा. किंवा सळईवर लावून लालबुंद निखाऱ्यावर भाजायचा आणि वर मीठ, जिरं, सुंठ. आज उंदीर खाणाऱ्या जातींना आपण त्याच गोष्टीवरून हिणवतो. बाराव्या शतकात दख्खनच्या सगळ्यात मोठ्या राजाच्या ग्रंथात त्याची कृती बाकीच्या कृतींसारख्याच सरळ शब्दांत, कुठलाही संकोच न करता दिलेली आहे. रानात उंदीर धरून भाजणाऱ्या कुणाकडून तरी ती दरबारी स्वयंपाक्याने शिकली असणार. आचारी उंदराची कृती स्वप्नात पाहत नाही.

माशांना तर स्वतंत्र प्रकरण आहे, 'मत्स्यविनोद'. माशांच्या सुमारे ३५ जाती, कुठला मासा गोड्या पाण्यातला, कुठला समुद्रातला, कुणाला कोणतं खाद्य टाकायचं, गळाची दोरी कशाची करायची. राजधानी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असताना हे लिहिलं आहे.

पाण्याला एवढं महत्त्व का?

मराठवाड्यातल्या वाचकाला हा भाग जवळचा वाटेल. चांगलं पाणी अमृत, वाईट पाणी विष, अशी सरळ विभागणी आहे. शरदात पावसाचं, उन्हाळ्यात झऱ्याचं, हिवाळ्यात नदीचं किंवा तलावाचं पाणी वापरावं. स्वच्छ फडक्यातून गाळावं. उकळावं आणि त्याच दिवशी संपवावं. उकळणं जमत नसेल तर त्रिफळा वापरून शुद्ध करावं. मग वास यावा म्हणून पाटला किंवा चाफ्याचं फूल, आंब्याचा तुकडा नाहीतर कापूर.

राजाच्या जिवाची काळजी हे अर्थातच त्यामागचं एक कारण. राजाच्या स्वयंपाकघरात विषाची भीती सगळीकडे होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विषारी अन्न आगीत टाकल्यावर ज्वाळा आणि धूर निळा होतो, तडतडतं, पक्षी मरतात अशी लक्षणं सांगितली आहेत. म्हणून मुदपाकखान्याचा प्रमुख हा नुसता आचारी नसायचा. त्याच्यावर राजाचा जीव टाकलेला असायचा.

चीनमध्ये काय होतं?

तुलना करायचा मोह होतो, आणि ती उपयोगीही आहे. प्राचीन चिनी ग्रंथ 'चौ ली' राजवाड्याच्या आदर्श व्यवस्थेत सुमारे ४,००० माणसं मोजतो, त्यातली निम्म्याहून जास्त खाण्यापिण्याच्या कामाची. १३३० मध्ये, म्हणजे मानसोल्लासानंतर सुमारे २०० वर्षांनी, मंगोल युआन घराण्याच्या दरबारातला आहारतज्ज्ञ हू स्सहुई याने बादशहाला खाण्यापिण्याचा एक ग्रंथ सादर केला. पुढे छिंग घराण्यात छ्येनलुंग बादशहाच्या रोजच्या जेवणाची नोंद ठेवली जायची: कधी, कुठे, काय वाढलं. ती कागदपत्रं पेइचिंगच्या दफ्तरात आहेत.

फरक कुठे आहे? तिथे नोकरशाहीने राजाच्या जेवणाचा हिशेब ठेवला. अमुक तारखेला काय वाढलं हे कळतं. आपल्याकडे तसा रोजचा हिशेब नाही, सोमेश्वराने एखाद्या मंगळवारी काय खाल्लं ते सांगता येणार नाही. पण पदार्थ करायचा कसा, हे राजाच्या नावाने लिहिलेलं आहे. तिथला बादशहा जेवणारा आहे, इथला राजा कृती सांगणारा.

राज्याचं काय झालं?

राजा लिहीत होता तेव्हा सीमा शांत नव्हत्या. दक्षिणेत द्वारसमुद्राचा होयसळ विष्णुवर्धन, ज्याने १११७ मध्ये बेलूरचं प्रसिद्ध मंदिर उभारलं, तो नावाला मांडलिक होता आणि प्रत्यक्षात चालुक्यांचा मुलूख कुरतडत तुंगभद्रेकडे सरकत होता. पूर्वेला वेंगीचा प्रदेश, म्हणजे गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडचा सुपीक भाग, बापाने मिळवला होता. ११३० च्या दशकात तो चोळांकडे परत गेला. ११३८ मध्ये सोमेश्वराची कारकीर्द संपली. जेमतेम १२ वर्षं.

म्हणून पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात: विद्वान होता, पण राज्य सांभाळता आलं नाही. हा निकाल मला एकांगी वाटतो. बापाने ताणून ताणून वाढवलेलं साम्राज्य मांडलिकांच्या जोरावर उभं होतं आणि ते मांडलिकच मोठे झाले होते. पुस्तक न लिहिता तलवार घेऊन बसला असता तर होयसळ थांबले असते, असं मानायला आधार नाही.

गादीवर मुलगा जगदेकमल्ल आला. त्यानेही 'संगीतचूडामणी' हा ग्रंथ लिहिला, म्हणजे घरात लिहिण्याची सवय उतरली होती. पण सत्ता निसटत गेली. १२व्या शतकाच्या मध्यावर मंगळवेढ्याच्या कलचुरी बिज्जलाने कल्याणी ताब्यात घेतली. शतक संपण्याआधी चालुक्य घराणंच संपलं आणि आपला भाग देवगिरीच्या यादवांकडे गेला.

त्याच गावातलं दुसरं स्वयंपाकघर

बिज्जलाच्या काळात कल्याणीत आणखी एक चूल पेटली, आणि ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. महात्मा बसवेश्वर बिज्जलाचे मंत्री होते. त्यांच्याभोवती शरणांचा समुदाय जमला. चांभार, कोळी, न्हावी, परीट, ब्राह्मण, सगळ्या जातींचा. त्यांच्या विचारात कायक आणि दासोह या दोन गोष्टी पायाच्या: कष्टाने कमवायचं आणि आलेल्याला वाटून खायचं. एका पंगतीत, जात न विचारता.

सोमेश्वराच्या सोन्याच्या ताटानंतर पुरती ३० वर्षंही झाली नव्हती, त्याच शहरात ही पंगत बसत होती. राजाच्या पंगतीत कोण बसायचं ते नात्याने आणि दर्जाने ठरायचं. दासोहाच्या पंगतीला तशी अट नव्हती. त्याची किंमतही मोजावी लागली. शरणांमधल्या आंतरजातीय लग्नावरून कल्याणीत रक्त सांडलं, ११६७ च्या सुमारास बिज्जल मारला गेला आणि शरण पांगले. लातूर-नांदेड पट्ट्यात आज गावोगाव बसवेश्वरांना मानणारी घरं आहेत. दासोह हा शब्द तिथे अजून रोजच्या वापरातला आहे. 'अन्नभोग' हा शब्द मात्र ग्रंथातच राहिला.

स्वयंपाकी कुठे आहेत?

अन्नभोगात पदार्थांना नावं आहेत, स्वयंपाक्यांना नाहीत. खापरावर मांडे टाकणारे, उडीद वाटणारे, निखारा सांभाळणारे हात मजकुरात दिसत नाहीत. राजाला सुपारीएवढा तुकडा माहीत असायचं कारण कुणीतरी तो रोज कापत होतं.

पण याच ग्रंथात एका ठिकाणी कष्टाचा आवाज ऐकू येतो, तोही स्वयंपाकाच्या प्रकरणात नाही. गाण्यांच्या प्रकरणात, 'गीतविनोदा'त, कोणतं गाणं कुठे गातात याची नोंद करताना सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात. ओवीची ही फार जुनी लिखित नोंद आहे, ज्ञानेश्वरीच्या १६० वर्षं आधीची. राजाने मुसळाचा आवाज ऐकला होता.

ग्रंथ हस्तलिखितांमधून टिकला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या काळात सुरू झालेल्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये जी. के. श्रीगोंदेकर यांनी त्याचं संपादन केलं आणि १९२५, १९३९ आणि १९६१ असे तीन खंड निघाले. पुढे भारतीय खाद्यपदार्थांचे इतिहासकार के. टी. अचया यांच्या इंग्रजी पुस्तकांमुळे अन्नभोगातले पदार्थ सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले.

मूळ संस्कृत पाहायचं असेल तर १९३९ चा दुसरा खंड घ्या, अन्नभोग त्यातच आहे. जुन्या खंडांच्या स्कॅन प्रती ऑनलाइन मिळतात, फोनवर उघडतात, फक्त फाइल मोठी आहे, वायफायवर डाउनलोड करा.